बोडीच्या पाळीवर

१

रामकलीला बोलावणं यायचं ते बहुधा रात्रीच. कुंपणापाशी कंदील हलायचा, गल्लीतली कुत्री भुंकायची आणि कोणीतरी हाक मारायचं, "दाईबाई, चाला जी." ती उठायची, तोंडावर पाणी मारायची, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावायची. पिशवीत कात्री, दोरा, साबण आणि उकळून वाळवलेली फडकी. गोंदियाला सहा महिने राहून ती सरकारी दाईचं शिक्षण घेऊन आली होती. आमगावच्या अलीकडच्या पाच-सहा खेड्यांत तशी शिकलेली बाई ती एकटीच.

ती गेली की लेकरं माझ्या वाट्याला. जमना पाच वर्षांची, टेकू दोन वर्षांचा. टेकू रात्रीतून दोनदा अंथरूण ओलं करायचा, जमना स्वप्नात दचकून उठायची. मी दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेला असायचो. रात्री डोळा लागतो न लागतो तोच हाक यायची. रामकली पहाटे परत यायची, चुलीपुढे बसायची आणि कोणाला काय झालं ते आनंदानं सांगायची. मला तो आनंद पाहवत नसे.

"लोकांची लेकरं झेलत फिरतेस," मी म्हणायचो. "आपली कोण पाहील?"

"तुमी आहा ना जी. तुमची नाहीत का?"

"आमच्या घराण्यात बाई रातची बाहेर नाही गेली कधी."

"म्हनूनच तुमच्या दोन आत्या बाळंतपणात मेल्या," ती म्हणायची. तिला राग यायचा नाही. मला यायचा.

सन पंचावन्नच्या दिवाळीनंतर आम्हाला तिसरा झाला. त्याला आम्ही बाबू म्हणायचो. बाबू दीड महिन्याचा असताना दोन कोसांवरच्या यादोरावांची रेंगी, हलकी बैलगाडी, दारात आली. त्यांची सून दोन दिवसांपासून अडली होती. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती, इतकी थंडी. रामकलीनं बाबूला पोटभर पाजलं, छतापासून टांगलेल्या झोळीत निजवलं आणि मला म्हणाली, "याले खोकला आहे. रडला तर छातीशी घ्या. मी लवकर येते."

ती उजाडल्यावर आली. यादोरावांची सून आणि नातू दोघंही वाचले होते. रामकलीच्या हातात त्यांनी दिलेलं नवं लुगडं होतं. मी दारातच उभा होतो. झोळी माझ्या मागे होती, न हलणारी.

"रडला नाही," मी तिला सांगितलं. "झोपेतच गेला."

एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत. आमच्या शेताच्या वर बोडी म्हणजे पाण्याचं लहान तळं आहे, तिच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जांभळाचं जुनं झाड आहे. त्या झाडाखाली मीच खड्डा खणला. परतताना रामकलीनं मला एकदाच विचारलं, "एकदाबी नाही रडला?"

"नाही," मी म्हणालो.

२

चार महिने ती कोणाकडेच गेली नाही. लोक यायचे, ती मान हलवायची. मग चैत्रात शेजारच्या गोमतीकाकीची सून ओरडायला लागली. आमच्या घराची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, न ऐकणं शक्य नव्हतं. रामकली उठली, पिशवी घेतली आणि गेली. त्यानंतर पूर्वीसारखंच सुरू झालं. मी बोलणं कमी केलं होतं. मला बोलायचा हक्क उरला नाही असं वाटायचं, आणि तो का उरला नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

एक पावसाळा गेला. धान कापून झालं. पुन्हा मार्गशीर्षातली थंडी पडली.

एका रात्री तिच्या बांगड्यांच्या आवाजानं मला जाग आली. ती अंथरुणात उठून बसली होती. "आली, आली," असं हळूच म्हणाली, दाराची कडी काढली आणि गेली. मी टेकूवर पांघरूण ओढलं आणि कूस बदलली. नेहमीचंच होतं सारं.

सकाळी मी दात घासायला निंबाची काडी घेत होतो. सहज भिंतीकडे नजर गेली. पिशवी खुंटीला लटकत होती.

ती अजून आली नव्हती. थोड्या वेळानं आली. पायाला ओला चिखल होता. गावातल्या सगळ्या वाटा तेव्हा कोरड्या होत्या.

"कोणाकडे होतं?" मी विचारलं.

"पलीकडच्या टोलीत."

"पिशवी राहिली तुझी."

तिनं खुंटीकडे पाहिलं. "लागली नाही," म्हणाली आणि चूल पेटवू लागली.

मी स्वतःला समजावलं. घाईत विसरली असेल. कात्री त्यांच्या घरी मिळाली असेल. पण रात्री कुत्री भुंकली नव्हती, हे मला बांधीत काम करताना आठवलं. कंदीलही कोणी आणला नव्हता. आणि हाक आली असती तर मी जागा झालो असतो. वर्षानुवर्षं त्या हाकेवर मी तिच्याआधी जागा होत आलो होतो.

३

मग ते आठवड्यातून दोनदा झालं, नंतर तीनदा. दर वेळी पिशवी खुंटीलाच. मी टोलीच्या त्या वस्तीतल्या केशोरावाला गाठलं. गप्पांच्या ओघात विचारलं, तुमच्याकडे एवढ्यात कोणी बाळंत झालं का. तो म्हणाला, "नाही गा. होळीपर्यंत कोणी नाही."

गोमतीकाकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. "सेवकराम, बायकोले आवर. लोक पाहून राहिले. रात्री पाळीवर बाईमाणूस दिसते म्हनतात."

माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा जे येतं तेच माझ्या डोक्यात आलं. कोण असेल तो, हे मी नांगर दुरुस्त करताना, बैलांना पाणी पाजताना मोजत राहिलो. गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे पाहू लागलो. खरं सांगतो, मला आतून थोडं बरंही वाटत होतं. तिचाही काही अपराध असला तर माझं ओझं अर्धं होणार होतं.

"कोण आहे तो?" एका संध्याकाळी मी विचारलं. लेकरं जेवत होती.

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कोण कोण?"

"ज्याच्याकडे जाऊन राहिली तू. रोज. लेकरं टाकून."

"लेकरं टाकून नाही गेली जी," ती म्हणाली. "एक लेकरू रडते. कोणी उठत नाही. म्हनून मी उठली."

"कोणाचं लेकरू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. अडलेल्या बाईचा हात धरताना ती जसं पाहायची तसं पाहिलं. मी ताट सरकवून उठलो.

४

त्या रात्री मी कडी लावली, वर अडसर घातला आणि दाराला आडवा झोपलो. दिवा बारीक करून ठेवला होता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळे उघडले तर ती अंथरुणात बसलेली होती. दाराकडे तोंड, दोन्ही हात छातीवर गच्च दाबलेले. लुगड्याचा पुढचा भाग ओला दिसत होता. मला वाटलं पाणी सांडलं. मग वास आला. बाबू गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. टेकू कधीचा भात खात होता.

"जाऊ द्या जी मले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "लय वेळचा रडून राहिला."

मी कान दिला. धानाच्या कोठीत उंदीर कुरतडत होता. आमगावच्या बाजूला मालगाडीची शिटी वाजली आणि विरली. बाकी काही नाही.

"मांजर असेल," मी म्हणालो. "मांजर लेकरासारखं रडते."

मग जमना उठून बसली. झोपेत नव्हती ती. डोळे स्वच्छ उघडे होते. "बाबा, दार उघडा ना," ती म्हणाली. "तो रडून राहिला."

"कोण व?"

"बाबू."

मी तिला दरडावणार होतो. पण तेवढ्यात टेकूही उठला. त्याला बोलता फारसं यायचं नाही. तो आईच्या मांडीला टेकून बसला आणि दाराकडे पाहू लागला. मान थोडी कलती, जशी दूरच्या आवाजाकडे लेकरं करतात. तिघंही दाराकडे पाहत होती, दाराला आडवा मी होतो, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

ती रात्र तशीच गेली. उजाडताना तिघंही एकदम आडवी झाली. ऐकण्यासारखं काही संपल्यासारखी.

मी पुन्हा अडसर घातला नाही.

५

फाल्गुनातल्या एका चांदण्या रात्री मी तिच्या मागे गेलो. लेकरं झोपली होती. मनाशी म्हटलं, एकदा डोळ्यांनी पाहून घेऊ. माणूस असेल तर माणूस.

ती सरळ चालत होती, कामाला निघाल्यासारखी. कापलेल्या धानाचे खुंट पायाला टोचत होते. मोहाची फुलं गळायला लागली होती, त्यांचा गोड वास हवेत दाटला होता. ती पाळीवर चढली आणि जांभळाखाली बसली. मी वीसेक हातांवर बाभळीच्या मागे थांबलो.

माणूस नव्हता. मी बराच वेळ वाट पाहिली. कोणी आलं नाही.

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. पाय पसरलेले, पदर पुढे ओढलेला. हळूहळू मागेपुढे होत होती. दुःखात बायका अशा बसतात, मी पाहिलं आहे. मला वाटलं, बस, एवढंच आहे. बिचारी लेकराच्या जागेवर येऊन बसते. जवळ जाऊन तिला उठवावं, घरी न्यावं, असं ठरवून मी दोन पावलं पुढे झालो.

तेव्हा मला आवाज आला. रडणं नव्हे. घोट. भुकेलं लेकरू पिताना जे करतं ते. घोट, मग नाकातून श्वास, मग घोट.

पदराखालून एक हात वर आला आणि तिच्या गळ्यातली पोत चाचपू लागला. बाबूची मूठ मी पाहिली होती, कळीएवढी होती. हा हात भरलेला होता, मनगटाला वळी पडलेली. दीड वर्षाच्या लेकराचा हात.

दुसऱ्या कोणाचं लेकरू असेल, असं मी मनात म्हणालो. गावातली सगळी दीड वर्षांची लेकरं मी त्या क्षणी आठवून पाहिली. कोणाचं तरी असावं, एवढंच मागत होतो.

हात पोतीवर थांबला. घोटांचा आवाजही थांबला. पदराखाली काहीतरी माझ्या दिशेनं वळलं.

मी तिथेच खाली बसलो आणि बोलू लागलो. कोणाला सांगत होतो, तिला की त्याला, आजही सांगता येत नाही. म्हणालो, तो रडला होता. खूप रडला. मी जागा होतो. तू लवकर येते म्हणाली होतीस आणि आली नव्हतीस. मला राग आला होता. म्हटलं, रडू दे, येईल तेव्हा तिला ऐकू दे, कळू दे लेकरं टाकून जाणं म्हणजे काय. मी भिंतीकडे तोंड केलं. तो खोकला, रडला, पुन्हा खोकला. मग गप्प झाला. मला वाटलं झोपला. बरं झालं वाटलं. सकाळी दुपटं खाली पडलं होतं.

एवढं सगळं मी सांगितलं. ती मागे वळली नाही.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तो आता बोलाले लागला."

बोडीवर वारा नव्हता. पाणी काळं आणि सपाट होतं. मी तोंडात माती गेल्यासारखा बसून होतो.

"घरी जा तुमी," ती म्हणाली. "दोघं एकटी आहेत तिथं."

मी धावत सुटलो. खुंट तळव्यात घुसले तरी थांबलो नाही. मागे पाहिलं नाही. घराचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर जमना टेकूला मांडीवर घेऊन बसली होती. टेकू झोपला होता. जमनानं बोट ओठांवर ठेवलं. "हळू, बाबा," ती म्हणाली. "आत्ताच गप्प झाला."

६

रामकली उजाडताना आली. मी ओसरीत बसलो होतो. ती मला शिव्या देईल, माहेरी निघून जाईल, पंचांपुढे मला उभं करेल, जे काही करेल ते मी सोसायला तयार होतो. तिनं हात-पाय धुतले, माझ्या तळव्यातले काटे सुईनं काढले. एकेक काढून उंबऱ्यावर ठेवत होती.

"आता दूध सुटलं त्याचं," ती म्हणाली. "नुसती मांडी पाहिजे. आजपासून तुमी जा. मी घरी रायते."

"मी कसा जाऊ?"

"मी जायची तसे. पायानं."

मग सुई पुसत म्हणाली, "शेला पांघरून बसा. उचलून पाहू नका. त्याले आवडत नाही."

मी गेलो. दुसरं काय करणार होतो. पहिली रात्र जांभळाखाली बसून काढली, दुसरीही. काही झालं नाही. वाटू लागलं की त्या रात्री मला भास झाला. मोहाचा वास, जागरण, मनात साचलेलं, यानं माणूस काहीही पाहतो. अशा विचारांनी दिवसा धीर यायचा. आठव्या रात्री डुलकी लागली आणि मांडीवर वजन आल्यानं मी जागा झालो. कोमट वजन. शेल्याखाली. मी झाडाच्या शेंड्याकडे पाहत राहिलो. कोंबडा आरवला तेव्हा पाय बधिर झाले होते आणि मांडीवर काही नव्हतं.

घरी आलो तर रामकली दारात उभी होती. तिचा चेहरा झोप झालेल्या माणसाचा होता. दीड वर्षात मी तसा पाहिला नव्हता.

"रात्रभर रडला नाही," ती म्हणाली.

७

याला दोन वर्षं होत आली. आता एकोणसाठ साल आहे. जमना शाळेत जाते, टेकू बैलांमागे फिरतो. रामकलीला बोलावणं येतं तेव्हा ती पिशवी घेऊन जाते, गोमतीकाकी लेकरांजवळ येऊन झोपते आणि मी माझ्या वाटेनं जातो. लोक माझ्याबद्दल बोलतात. सेवकराम बायकोला आणि लेकरांना टाकून रात्रभर बाहेर असतो म्हणतात. कोणी दारूचं नाव घेतं, कोणी बाईचं. एकदा ईश्वरदास सोनारानं मला चौकात सुनावलं, तेव्हा रामकली शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

वजन वाढत चाललं आहे. पाय आता मांडीबाहेर येतात, गवतावर टेकतात, ते मला शेल्याखालून कळतं. मी कधी उचलून पाहिलं नाही. एवढी एक गोष्ट मी पाळली.

सकाळी रामकली चहा पुढे ठेवते आणि विचारते, "काय बोलला?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गोंधळलो. मग म्हणालो, पाण्यात चांदण्या कायले पडल्या, असं विचारत होता. ती हसली. किती दिवसांनी हसली ते मला मोजवेना. तेव्हापासून मी रोज काहीतरी आणतो. बगळा पाहून त्याला म्हातारा म्हणाला. जांभूळ मागत होता, म्हटलं पिकू दे. गाडीची शिटी ऐकून विचारलं, ती कोणाले हाक मारते. रामकली ऐकते, जमनाही ऐकते, कधी टेकू हट्ट करतो की पुन्हा सांगा.

खरं असं आहे की तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. आईशी बोलायचा. जमनाशीही बोलत असावा, ती कधीकधी कुंपणापाशी एकटीच हसत असते. माझ्या मांडीवर तो येतो आणि पाठ फिरवून पडून राहतो. श्वासाचा आवाज येतो, मध्येच खोकतो. खोकला आला की मी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. सुरुवातीला पाठ ताठ व्हायची. आता होत नाही. पण तोंड तो पाण्याकडेच ठेवतो.

मी बसल्या बसल्या सकाळसाठी काहीतरी जुळवत राहतो. त्याच्या वयाचं लेकरू काय विचारेल, कशाला हसेल. जुळवता जुळवता पहाट होते.

रामकलीला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. माझं खोटं तिच्यापाशी टिकत नाही, हे एकदा कळून चुकलं आहे. आज सकाळी मी तिला सांगितलं की त्याला बैलगाडीत बसायचं आहे, पुढे, माझ्याजवळ. ती पेला पुसत होती. पेला पुसून झाला तरी पुसत राहिली.

"बसवा मंग," म्हणाली. "आणि आज रात्री जरा लवकर जा जी. थंडी पडून राहिली."